वग बंद पाडणारे हात कोणाचे?

कवलापूरचे काळू-बाळू ज्यांनीं डोळ्यांनीं पाहिले, त्यांना हंसणें म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. सांगली जिल्ह्यांतील या गांवच्या खाडे घराण्यांत जन्मलेले लहू आणि अंकुश हे जुळे भाऊ. बाप शिवा-संभाच्या नामांकित फडांतला संभा. पोरें स्टेजवर काळू आणि बाळू झालीं, तीं अशीं झालीं कीं लहू कोण व अंकुश कोण हें महाराष्ट्राच्या ध्यानांतही राहिलें नाहीं. 'जहरी प्याला' या वगांत ते दोघे हवालदार होऊन येत. चेहरा एक, अंगलट एक, आवाजाची ठेवण एक. एकाला पाहावें तों दुसरा, आणि दुसऱ्याला धरावें तों पहिला! आम्हीं त्यांना पाहिलें तेव्हां दोघांचेंही वय उतरणीला लागलें होतें. पायांत चपळाई पूर्वींची राहिली नव्हती, गाण्यांत दम पुरत नव्हता. पण दोघे नुसते येऊन शेजारीं शेजारीं उभे राहिले, एक शब्द बोलले नाहींत, तोंच कनातीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हंशाची लाट उसळली. ती ओसरेपर्यंत ढोलकीवाला हात आवरून बसला होता. आज दोघेही भाऊ हयात नाहींत.

वाचकहो, आपण हंसत होतों तें कशाला? दोन माणसें सारखीं दिसतात म्हणून? तेवढ्यासाठीं कोणी चार कोस चालत जात नाहीं, कीं थंडींत घोंगडी घेऊन रात्र जागत नाहीं. आपण हंसत होतों तें हवालदाराला. दिवसा ज्याच्यापुढें मुंडासें काढून उभें राहावें लागे, रात्रीं त्याची टोपी उडालेली पाहावयास मिळे. ज्याच्या चौकीवर आपली फिर्याद कोणी लिहून घेईना, त्याचीच फिर्याद सोंगाड्या भर सभेंत लिहून घेई, आणि तीही असल्या मराठींत कीं निरक्षर म्हातारीलाही कलमासकट कळावी.

वग म्हणजे काय, हें शहरच्या मंडळींना नीट माहीत नसतें, आणि आतां आपल्या पोरांनाही माहीत नसतें, म्हणून चार शब्द सांगतों. आधीं गण. मग गवळण, तींत पेंद्या आणि मावशी येऊन देवालाही चिमटे काढतात. मग बतावणी, रंगबाजी. आणि रात्र चढल्यावर वग. वगांत राजा असतो, प्रधान असतो, कोतवाल असतो. त्या दरबारांत सोंगाड्या शिरतो तो आपली भाषा घेऊन, आपलें धोतर नेसून. राजा पुस्तकी बोलतो, हा गांवठी बोलतो. आणि बोलतां बोलतां राजा मूर्ख ठरतो व हा शहाणा. त्याच्यापुढें पोथी नसते. जें बोलावयाचें तें तेथेंच सुचलें पाहिजे, याला हजरजबाब म्हणतात. हुशार सोंगाड्या गांवांत शिरला कीं चहाच्या टपरीवर बसून हळूच विचारून घेई: तलाठी कसा आहे, सोसायटींत कोणाचें चालतें, धान्याच्या मापांत कोण मारतो? रात्रीं राजाच्या दरबारांत तेंच प्रकरण निघे. नांव नसे, पण ज्याचें त्याला कळे, आणि त्याच्या भोंवतालच्या दोनशें माणसांना त्याहून आधीं कळे.

हा आपल्या रयतेचा दरबार होता. जेथें स्टँप लागत नाहीं, वकील लागत नाहीं, आणि तारीख पुढें पडत नाहीं, असा हा एकच दरबार होता. तो आज बंद पडत चालला आहे. तो कोण बंद पाडतें, हें आज आम्हांस बोलावयाचें आहे. आणि आधींच सांगतों, हें बोलणें सर्वांनाच गोड लागणार नाहीं.

विनोदाची मातबरी आपल्या थोरांनीं फार पूर्वीं ओळखली होती. जोतीराव फुले यांनीं सन १८५५ मध्यें 'तृतीय रत्न' नाटक लिहिलें. एक जोशी अडाणी कुणबी नवराबायकोला ग्रहांची भीति घालून कसा नागवतो, अशी ती कथा. त्यांत खरें बोलणारा कोण? विदूषक! कुणबी फसतो, जोशी फसवतो, आणि मध्यें उभा राहून दोघांचेंही पितळ उघडें करतो तो विदूषक. दक्षिणा प्राइज कमिटीनें तें नाटक नाकारलें, यांत नवल तें काय? पुढें सत्यशोधक समाजाच्या जलसेवाल्यांनीं तमाशाचाच सांचा उचलला. ढोलकी तीच, झील तीच, सोंगाड्या तोच. फक्त त्याच्या तोंडीं शिक्षणाचें, सावकारीचें व भिक्षुकशाहीचें प्रकरण घातलें. आंबेडकरी चळवळींत भीमराव कर्डक यांच्या जलशांनीं हेंच केलें. वाटेगांवच्या अण्णा भाऊ साठ्यांनीं 'अकलेची गोष्ट' लिहिली, ती तमाशांतच लिहिली. व्याख्यानाला जे फिरकले नसते ते जलशाला रात्रभर बसले. तेव्हां सोंगाड्याला नुसता विदूषक समजून हिणवणारांनीं एवढें लक्षांत ठेवावें कीं, या मुलखांतील अक्षरशत्रु माणसाला अक्षराचें महत्त्व ज्यांनीं सांगितलें त्यांच्यांत हाही एक आहे.

आतां तमाशाच्या शत्रूंकडे वळूं. पहिले शत्रु आपले जुने परिचित. 'तमाशा म्हणजे अश्लील' हें त्यांचें पालुपद. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी पठ्ठे बापूराव होऊन फडांत उतरले, तेव्हां जातीनें त्यांना दूर लोटलें; ज्याच्या लावण्या घरोघर गाइल्या गेल्या तो माणूस सन १९४५ मध्यें पुण्यास गरिबींत मेला. स्वराज्य आलें, आणि बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असतांना मुंबई सरकारनें काय केलें? तमाशावरच बंदी घातली! इंग्रजाची चौकी गेली, आणि आपल्या चौकीनें पहिला हात घातला तो ढोलकीवर. पुढें बंदी उठली ती अटीवर. काय बोलणार तें आधीं लिहून द्या, आम्ही तपासूं, मग बोला. वाचकहो, या अटीचा अर्थ नीट पाहा. सोंगाड्याचें सारें सामर्थ्य न लिहिलेल्या शब्दांत होतें. त्याला 'लिहून आण' म्हणणें म्हणजे पैलवानाला कोणता डाव कधीं टाकणार तें आदल्या दिवशीं कळव म्हणण्यासारखें आहे.

एका बाजूनें हा सोवळेपणा, तर दुसऱ्या बाजूनें त्याच तमाशाची उचलेगिरी. सन १९७२ मध्यें 'पिंजरा' बोलपट आला. तमाशाच्या बाईपायीं एक आदर्श मास्तर कसा चिखलांत रुतला, ही त्याची गोष्ट. गल्ला जमला तो तमाशाच्या गाण्यांवर, आणि कलंक बसला तोही तमाशालाच! आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें, म्हणतात तें हेंच. आम्ही सगळ्यांना एका मापानें मोजीत नाहीं. सन १९६५ मध्यें वसंत सबनिसांचें 'विच्छा माझी पुरी करा' घेऊन दादा कोंडके उभे राहिले, तेव्हां गिरणगांवांत वाढलेल्या या माणसानें सोंगाड्याला शहरच्या थिएटरांत मानानें नेऊन बसवलें. दीड हजारांवर प्रयोग झाले. मंत्र्यासंत्र्यांची टोपी रोजच्या रोज उडाली, आणि तीं थट्टाही रोज नवी असे. पण एवढें मात्र खरें कीं थिएटरांत 'लोकनाट्य' या नांवानें जें बसून पाहिलें जातें, तेंच कनातींत तमाशा या नांवानें होतें तेव्हां नाकाला रुमाल लागतो. विनोद तोच. मग फरक कशाचा? स्टेजवरच्या माणसाच्या जातीचा, कीं समोरच्या खुर्चीच्या तिकिटाचा?

नारायणगांवच्या विठाबाई भाऊ मांग यांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पोटांत कळा येत असतां त्या नाचल्या, स्टेजमागें बाळंत झाल्या, आणि पुन्हा उभ्या राहिल्या. सन १९५७ व १९९० मध्यें राष्ट्रपतींच्या हातचा गौरव झाला. सन २००२ मध्यें त्या हलाखींत गेल्या. मग सरकारनें त्यांच्या नांवाचा पुरस्कार काढला. मेल्या म्हशीला मणभर दूध!

येथवर वाचून आमचे कांहीं बांधव माना डोलवीत असतील. शहाण्यांना झोडपलें कीं आपल्याला बरें वाटतें. पण आतां पुढचें वाचा.

गेल्या चैत्रांत आम्ही एका गांवच्या जत्रेला गेलों होतों. गांवाचें नांव घालीत नाहीं, कारण असलीं गांवें आतां पुष्कळ झालीं आहेत, आणि एकट्यालाच शरम वाटावी असा आमचा हेतु नाहीं. फड जुना. फडांत सोंगाड्यांची एक जोडी होती. दोघांनींही साठी ओलांडलेली. एकाच्या गुडघ्याला पट्टी बांधलेली आम्हीं स्टेजमागें पाहिली. दुपारीं फडांतल्या बाया कळशा घेऊन पाण्यासाठीं आळीआळींतून हिंडत होत्या. सुपारीच्या बोलणींत पाण्याची जबाबदारी गांवाची ठरलेली, पण टँकर आला तो कुस्तीच्या आखाड्यावर शिंपडण्यांत संपला. एका वाड्याच्या दारांत त्या बायांना 'पलीकडच्या वस्तीवर जा' असें सांगितलेलें आम्हीं कानांनीं ऐकलें. पलीकडची वस्ती म्हणजे कोणती, हें आमच्या वाचकांना सांगणें नलगे.

रात्रीं गण झाला, गवळण झाली. रंगबाजींत सिनेमाचीं गाणीं झालीं, शिट्ट्या झाल्या, नोटा उडाल्या. तेथपर्यंत सारें आबादीआबाद. मग वग लागला. राजा सिंहासनावर बसला, आणि तीं दोन म्हातारीं हाडें दरबारांत आलीं.

राजा म्हणाला, "शिपायांनो, आमच्या राज्यांत प्रजा खुशाल आहे ना?"

पहिला म्हणाला, "खुशाल हाय म्हाराज. निस्ती खुशाल हाय. पर सध्या लायनीत हुबी हाय."

"कसल्या लाइनींत?"

दुसरा म्हणाला, "ती खुशाल हाय का न्हाई, त्येचा दाखला काढायच्या!"

आमच्या शेजारीं एक आजीबाई बसल्या होत्या. त्या अशा हंसल्या कीं पदरानें डोळे पुसूं लागल्या. पुढें राजानें विचारलें, पावसानें पीक गेलें त्याचा विमा मिळाला कीं नाहीं? सोंगाड्या म्हणाला, "मिळाला की म्हाराज. भात्तर रुपय मिळालं." "मग आणलेस काय?" "आणाया ग्येलो. जाऊन-यिऊन यष्टीचं तिकीट झालं नव्वद. आता वरलं अठरा रुपय कुणाच्या नावावर टाकायचं, त्येचा अर्ज घिऊन आलुया!"

आम्ही कागदोपत्रीं लिहिणारे लोक. पीकविम्यावर आम्हीं स्तंभच्या स्तंभ लिहिले. पण त्या अठरा रुपयांत जें आलें तें आमच्या एकाही स्तंभांत आलें नाहीं. पुढच्या रांगांतले शेतकरी हंसतां हंसतां एकदम गप्प होत होते आणि पुन्हा हंसत होते. असला हंशा फक्त समोरासमोर होतो. पेटींत भरून आणतां येत नाहीं. सोंगाड्या सभेकडे पाहून शब्द टाकतो, सभा त्याला हुंकार देते, त्या हुंकारावर तो पुढचा शब्द वजन करून टाकतो.

तोंच मागून आरोळी आली, "गाणं लावा! म्हाताऱ्याला खाली बसवा!" एकानें म्हटलें, दहांनीं उचललें. शिट्ट्या सुरू झाल्या. कोणी तरी पाण्याची बाटली फेंकली, ती स्टेजवर येऊन सोंगाड्याच्या पायाशीं पडली. म्हातारा वांकला, त्यानें ती बाटली उचलली, कपाळाला लावली आणि म्हणाला, "पानी धाडलं व्हय? लई उपकार झालं पाटील. सकाळपास्नं मागत हुतो!"

पुढच्या दोन रांगांत टाळ्या पडल्या. मागें कोणाला ऐकूंच गेलें नाहीं. तेथें आरडाओरडा चालूच होता. दहा मिनिटांत फडमालकानें हात जोडले, वग आटोपता घेतला, भोंगा सुरू झाला, पोरी पुन्हा स्टेजवर आल्या आणि नोटा उडूं लागल्या. जत्रा कमिटीचे लोक पहिल्या रांगेंतल्या सोफ्यावर बसले होते. त्यांतला एकही उठून मागें गेला नाहीं. उलट एक जण मॅनेजरला सांगत होता कीं पुढल्या वर्षीं वगाची भानगडच नको.

स्टेजमागें आम्हीं त्या सोंगाड्याला गांठलें. तो रंग पुसत बसला होता. तक्रार त्यानें केली नाहीं. एवढेंच म्हणाला, "वग पाच तासांचा हाय. आता पंचवीस मिन्टांचा केलाया. त्योबी सरत न्हाई."

आतां विचारतों, हे आरोळ्या ठोकणारे कोण होते? कोणा सोवळ्या संस्थेनें पाठवलेले होते काय? सरकारी तपासनीस होते काय? नाहीं! तीं आपलींच पोरें होतीं. ज्यांच्या बापाचें सोयाबीन पाण्यांत गेलें, ज्यांच्या घरीं बहात्तर रुपयांचा विमा आला, त्यांचींच पोरें आपल्या बापाचें गाऱ्हाणें मांडणाऱ्याला 'खाली बस' म्हणत होतीं. तलाठ्याला एवढें केल्याबद्दल कोणाला पैसे द्यावे लागले असते, तर त्यानें आनंदानें दिले असते. येथें तें काम फुकट झालें.

कोणी म्हणतील, काळ बदलला, पोरांना जुनें आवडत नाहीं. आम्ही विचारतों, तो अठरा रुपयांचा विनोद जुना होता काय? तो तर यंदाच्या खरिपाचा होता! जुनी होती ती फक्त बोलणाऱ्याची हाडें. दुसरे म्हणतील, तमाशा आतां चावटच झाला आहे, त्यांत काय ऐकायचें? त्यांना आम्ही म्हणूं, द्वयर्थी बोलणें तमाशांत पूर्वींही होतें, आजही आहे, आणि आम्ही त्याची तरफदारी करीत नाहीं. पण चावटपणा वाढला तो कोणाच्या फर्मायशीवरून? ज्या रात्रीं वगाला टाळी पडते त्या रात्रीं फडमालकाला अंगविक्षेपाची गरज पडत नाहीं. ज्या रात्रीं वगावर बाटली पडते त्या रात्रीं तो दुसरें काय करील? त्याच्या मागें शंभरावर माणसें खाणारीं आहेत.

त्या फडमालकाचाही हिशोब जरा पाहा, म्हणजे तो एवढ्या लौकर हात कां जोडतो तें कळेल. दसऱ्याला नारळ फुटतो आणि वैशाखी पौर्णिमेच्या सुमारास फड घरीं येतो. मधले पावसाळ्याचे चार-साडेचार महिने हातीं दमडी नाहीं. त्या दिवसांत कलावंतांना 'उचल' द्यावी लागते, नाहीं तर ते दुसऱ्या फडांत जातात. उचलीला पैसा कोठून येतो? सावकाराकडून, आणि सावकाराचा व्याजदर शेतकऱ्याला आम्हीं सांगावा काय! ट्रक, तंबू, जनरेटर, डिझेल, हें वेगळेंच. तिकिटावर तंबू लावला तर कधीं भरतो, कधीं रिकामा जातो. सारा भरंवसा चैत्रांतल्या जत्रांच्या सुपारीवर. जुन्नर तालुक्यांतल्या नारायणगांवीं फडांच्या राहुट्या लागतात, गांवोगांवचे पुढारी येतात आणि जत्रेचे करार ठरतात. सन २०२० चा पाडवा २५ मार्चला आला. त्याच दिवशीं साऱ्या देशाला कुलूप लागलें. सन २०२१ चा पाडवा १३ एप्रिलला आला. दुसऱ्या दिवशीं रात्रीं पुन्हा निर्बंध लागले. लागोपाठ दोन चैत्र गेले. शेतकऱ्याचे दोन खरीप असे एका मागोमाग गेले तर तो काय करतो तें आपण जाणतों. असला कर्जांत बुडालेला माणूस तुमच्या पोरांशीं भांडून वग पुरा करील, ही अपेक्षाच चुकीची. भांडायचें असेल तर तें गांवानें भांडावें.

आणि कायद्याचा काच आहेच. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें रात्रीं १० नंतर भोंगा बंद. वर्षांतले मोजके दिवस १२ पर्यंत सवलत. आजाऱ्याला व परीक्षेच्या पोरांना झोंप मिळावी, हा हेतु चांगला, त्याला आमचा विरोध नाहीं. पण तमाशा हा रात्रीचा खेळ. शेतावरून माणूस घरीं येऊन, भाकरी खाऊन, गुरांना वैरण टाकून निघतो तोंच नऊ वाजतात. वेळेला कात्री लागली कीं गाणीं कापलीं जात नाहींत, कारण त्यांना शिट्टी आहे; कापला जातो तो वग. पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या मिरवणुकींत मध्यरात्रीं भिंती हादरतात, तेव्हां हाच नियम कोठें झोंपतो? चोर सोडून संन्याशाला सूळ! वग तर भोंग्यावांचूनही होत असे. जुन्या सोंगाड्यांना माइक नव्हता. ढोलकी, हलगी, तुणतुणें, कडें, झांज आणि झीलकऱ्यांचे गळे एवढ्यावर पांच पांच हजारांची सभा त्यांनीं धरून ठेवली.

मायबहिणींनाही दोन शब्द. तुमच्या घरांतून 'तमाशाला जाऊं नका' असें सांगण्यांत येतें, आणि त्याला कारणही आहे. जेथें हुल्लड आहे तेथें तुम्हीं कशाला जावें? पण त्या रात्रीं सगळ्यांत मोकळें हंसूं आम्हीं ऐकलें तें त्या आजीबाईंचें. दाखल्याच्या लाइनींत, रॉकेलच्या लाइनींत, रेशनाच्या लाइनींत जिचें आयुष्य गेलें तिला तो विनोद कोणीं समजावून द्यावा लागला नाहीं. जेथें पुढच्या चार रांगा बायकांनीं धरल्या, तेथें बाटली फेंकणाऱ्याचा हात आधीं स्वतःच्या आईकडे पाहील. म्हणून जत्रा कमिटीनें दोरी बांधून बायकांची जागा राखावी, आणि तुम्हीं ती रिकामी ठेवूं नये.

आमचे कांहीं सुधारक मित्र म्हणतात, तमाशा मरूं द्या, त्यापेक्षां वाचनालय काढा. वाचनालय काढाच. पण ज्या सत्यशोधक मंडळींनीं शाळा काढल्या त्यांनींच जलसेही काढले, हें विसरूं नका. वाचनालयांत माणूस एकेकटा शहाणा होतो. वगाला सारा गांव एकदम होतो, आणि ज्याला टोचायचें तो शेजारींच बसलेला असतो. तलाठ्याच्या कचेरींत एकट्यानें जाऊन हुज्जत घालणारा जो धीर लागतो, तो चारशें माणसांबरोबर त्याला हंसल्यावांचून येत नाहीं. हें आम्ही पोथींतून सांगत नाहीं. त्याच गांवीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं पारावर दोन शेतकरी बसले होते, एक दुसऱ्याला म्हणाला, "चल, आपले अठरा रुपये कुठं गेले बघून येऊ." दोघेही हंसले, उठले, आणि खरोखरच बँकेच्या दिशेनें चालते झाले. तिकडे काय झालें तें आम्हांस ठाऊक नाहीं, कारण आमची गाडी सुटली.

काळू-बाळूंसारखी जोडी पुन्हा व्हावयाची तर जुळे भाऊ जन्मून भागत नाहीं. तीस-चाळीस वर्षें रोज रात्रीं सभेपुढें उभें राहून, पडून, उठून, ती तयार होते. कोणत्या ओळीला किती थांबायचें, मान किती वळवायची, दुसऱ्यानें चूक केली तर ती विनोदांत कशी मुरवायची, हें कोणत्याही शाळेंत शिकवीत नाहींत. त्या दोन म्हाताऱ्यांनंतर त्या फडांत सोंगाड्या होणारा एकच पोरगा आहे, आणि तोही सध्यां जनरेटर सांभाळतो. वग पंचवीस मिनिटांचा झाला तर तो शिकणार कोठें?

तेव्हां येत्या पाडव्याला नारायणगांवीं सुपारी द्यावयास जे जातील, त्यांनीं आमचें एवढें करावें. राहुटींत शिरलांत कीं मॅनेजर पहिला प्रश्न टाकील, "नाचणाऱ्या किती पाहिजेत, गाणीं कोणतीं पाहिजेत?" त्याला बाजूला ठेवा, आणि उलट विचारा: वग कोणता, सोंगाड्या कोण, आणि तो किती वाजतां उभा राहील? रंगबाजी एक तास, वग किमान दोन तास, असें कागदावर लिहून घ्या. पाण्याचा टँकर फडाच्या तंबूपाशीं लागेल, कलावंतांना उतरायला शाळेच्या खोल्या मिळतील, आणि वग चालू असतां हुल्लड झाली तर सुपारींतला एक पैसाही कापला जाणार नाहीं, हेंही त्याच कागदावर लिहा. आणि खालीं सही मॅनेजरची एकट्याची नको. सरपंचाची व कमिटीच्या पांच जणांची घ्या.